खालच्या रस्त्याने आलेली

गॅलाशील्स,
१४ ऑक्टोबर

डॉड,

फोन भिंतीवर आपटून फोडलास आणि वर तक्रार करतोस की बहीण बोलत नाही. आता बस पत्रं लिहीत. अक्षर शाळेत होतं तसंच आहे तुझं, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं.

मॉर्वेनला सुट्टीच्या दिवशी कुठे नेतेस ते लिही म्हणालास, म्हणून लिहिते. शनिवारी नदीच्या बांधावर सामन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत चढतात ते बघायला गेलो. बघायला पैसे पडत नाहीत, तिला बसही फुकट. मी माझं तिकीट काढलं, डब्यात चीज-सँडविच आणि थर्मासमध्ये सूप. पाऊस पडून गेलेला, पाणी तांबडं झालेलं आणि माशांना चेव आलेला. उडी मारायची, दगडावर थोबाड आपटायचं, खाली पडायचं आणि पुन्हा उडी. एकाचा जबडा फाटून लोंबत होता तरी गडी थांबेना. लोक पोरं खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवत होते. तुझी लेक तेवढी कठड्याला टेकून बघत होती. मग मला विचारते, "याला कुणी पाठवलंय, की हा आपल्याच मनाने आपटून घेतोय?" मी म्हटलं, माशाला कोण पाठवणार.

शेजारी तिच्या शाळेतला एक मुलगा आईबरोबर आला होता. तो आईला सांगायला लागला की ही लेडलॉची मुलगी, हिच्यापायी हिच्या बापाने माणसाचा डोळा फोडला. तो काही खोटं बोलत नव्हता. कोर्टात उभं राहून तूच म्हणालास की लेकीसाठी मारलं, आणि पेपरात ते ठळक छापून आलं. मॉर्वेनने त्याची मान धरली आणि तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं. एक दात नदीत गेला, एक त्याच्या आईच्या हातात राहिला. त्या बाईने मला जे ऐकवलं ते मी खाली मान घालून ऐकलं, कारण तिच्या जागी मी असते तर हात उचलला असता.

बसमध्ये नेहमीचा प्रश्न आला. "आत्या, मी थर्लबर्नमध्ये पहिल्यांदा कुठल्या रस्त्याने आले?" गावचा नियम तिला तोंडपाठ आहे. चौकातल्या खांबापासून वरच्या अंगाला जन्मलेले ते वरचे, खाली जन्मलेले ते खालचे, आणि हॉस्पिटलात जन्मलेलं पोर गावात पहिल्यांदा ज्या रस्त्याने आलं त्या बाजूचं. फेब्रुवारीत सगळं गाव एका चेंडूसाठी रस्त्यावर झुंजतं, त्या चेंडूच्या दिवशी त्याच बाजूने खेळायचं, मरेपर्यंत. तू तिला डोंगराचा रस्ता सांगितलायस, म्हणजे वरची. पण आपण दोघं त्या गाडीत होतो, डॉड. डोंगराचा रस्ता बर्फाने बंद होता. पुलाकडच्या खालच्या रस्त्यावर तू गाडी चरात घातलीस आणि वॅटी ऑलिव्हरने ट्रॅक्टरला दोर बांधून आपल्याला गावात ओढत आणलं. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि बाळंतीण काइला पुढे बसून तुला शिव्या घालत होती. काइला आता न्यूकॅसलला दुसरा संसार मांडून बसलीय, तिला विचारायची सोय नाही. राहिलो तू, मी आणि वॅटी.

पोरीला खरं काय ते सांग. भेटायला चल म्हटलं तर येत नाही. म्हणते, मला बघितलं की बाबांना आठवेल ते कुणामुळे आत आहेत.

लॉर्ना


तुरुंग,
२७ ऑक्टोबर

लॉर्ना,

दोन दात! हसू नको म्हणशील, पण हसलो. शेजारच्या कोठडीत वाचून दाखवलं, ते म्हणाले रक्त आहे बापाचं.

उत्तराला उशीर झाला कारण मला कोंडून ठेवलं होतं. जेवणाच्या रांगेत एका नव्या भिडूने माझ्या ताटातला सॉसेज उचलला. मी ट्रे त्याच्या कानावर घातला. ट्रे प्लास्टिकचा, कानही तसलाच निघाला. रक्त बटाट्यांवर उडालं आणि मागच्याने ते बाजूला सारून बटाटे खाल्ले. इथे अशी सगळी मजा.

रस्त्याचं म्हणशील तर ती वरच्या रस्त्याने आली. पणजोबा वरचे, आजोबा वरचे. आपल्या बाबांच्या बरगड्या दर फेब्रुवारीत मोडायच्या आणि आई पट्ट्या बांधताना ते आपल्याला जवळ बोलावून हात लावून बघायला सांगायचे. लेडलॉच्या घरात खालचं पोर जन्मत नाही. बर्फात कुणाला काय दिसलं असेल ते असो. आणि तो वॅटी भर पबमध्ये ग्लास उंच करून म्हणतो, "डॉड, तुझी पोर आमची रे. मीच ओढून आणली, पावती देऊ का?" सगळा पब हसला. तू असतीस तर तूही हसली असतीस. मला हसू आलं नाही एवढंच. एकदा बुक्की बसल्यावर तो खाली पडला, तिथे मी थांबायला हवं होतं, हे कोर्टाने सांगितलंच आहे, तू सांगू नकोस.

पोरीला फिरव. एडिनबरोचं म्युझियम फुकट आहे. कोल्डिंगहॅमचा किनारा फुकट आहे. पडके किल्ले आहेत, जंगल आहे, आपल्या देशात पाऊस सोडून सगळं मोफतच मिळतं आणि पाऊस तर जबरदस्तीने देतात. थर्लबर्नच्या वाटेला मात्र जायचं नाही. तिथे प्रत्येकाच्या तोंडात जीभ आहे.

आणि इथे घेऊन ये तिला. भेटीच्या खोलीत मुलांसाठी कोपरा केलाय, खेळणी आहेत, रस आणि बिस्किट देतात. तेही फुकट. मी रोज दाढी करतो, न जाणो ती येईल म्हणून.

डॉड


गॅलाशील्स,
१९ नोव्हेंबर

डॉड,

तुझ्या सल्ल्याने काल एडिनबरोला गेलो. म्युझियमच्या दारात तिने विचारलं, आपण शहरात कुठल्या रस्त्याने शिरलो. मी म्हटलं बसवाल्याला विचार. तिने खरंच विचारलं.

भुसा भरलेले प्राणी तिने बघितले न बघितले आणि जाऊन उभी राहिली त्या जुन्या डोकं उडवायच्या यंत्रापुढे. दोन खांब, वर पातं, खाली मान ठेवायची खाच. इतर पोरं खाचेपाशी वाकून जीभ बाहेर काढून फोटो काढत होती. ही म्हणाली, "आत्या, एकाच्या नावावर दुसऱ्याचं डोकं उडवलं असेल का कधी?" मी म्हटलं, उडवलं असेल, तेव्हाचे लोक कुठे शहाणे होते. मग तिला संडासला जायचं होतं.

बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी आत गेले. आतून धप्प धप्प आवाज येत होता. दोन बायका हात धुवायच्या थांबून एकमेकींकडे बघत होत्या. मी दारावर लाथ घातली, कडी तुटली. ती भिंतीवर बुक्क्या मारत होती, डॉड. दोन्ही हातांनी, आळीपाळीने. बोटांच्या सांध्यांवरची कातडी गेली होती आणि पांढऱ्या फरशीवर रक्ताचे गोल गोल ठसे उमटले होते. रडत नव्हती. मी मागून कवळ घातली तर तिने डोकं मागे आपटून माझं नाक फोडलं. मग आम्ही दोघी तिथेच ओल्या जमिनीवर बसलो, रक्ताळलेल्या, आणि ती शांतपणे म्हणाली, "बाबांनी माझ्यासाठी मारलं. मग थोडा मार माझ्याही वाट्याचा असेलच की."

तू हे दोन वेळा वाच. दाढी नंतर कर.

एका बाईने डॉक्टर बोलावला, त्याने उजव्या हाताचं हाड मोडलंय सांगितलं. प्लॅस्टर घातलंय. तिला दुसऱ्याचे दात पाडताना बघून मला लाज वाटली होती, पण झोप लागत होती. आता लागत नाही.

तिला वाटतं तिच्या अब्रूसाठी तू एका खोटारड्याला मारलंस. हे खरं असतं तरी ओझंच झालं असतं. इथे तर ते खरंही नाही. तू तिला लिहून कळव की वॅटी खरं बोलत होता आणि तू तुझ्या माजापायी मारलंस. तू नाही कळवलंस तर मी सांगणार.

लॉर्ना


तुरुंग,
१ डिसेंबर

लॉर्ना,

तू तिला काही सांगायचं नाहीस. सांगितलंस तर मी बाहेर आल्यावर तुझा जबडा मोडेन, आणि बहीण आहेस हे मधे येणार नाही. हे मी रागात लिहीत नाही. राग येऊन गेला, दोन दिवस लागले, खुर्ची मोडली, आता शांत डोक्याने लिहितोय.

हाताचं वाचलं. दोन वेळा नाही, पाठ झालंय. तुला वाटतं मला काही वाटत नाही. दिवा गेल्यावर मीही भिंतीला हात लावून बघतो की किती जोरात मारलं असेल.

पण तू माझ्या बाजूने विचार कर. वॅटी खोटारडा आहे म्हणून मी त्याला मारलं, हे धरून मी इथे दिवस काढतोय. तो जमिनीवर पडला होता आणि मी त्याच्या तोंडावर बूट घातला. एकदा नाही. तोंड वाचवायला त्याने हात वर केला तो मी पायाखाली धरला. लॉर्ना, हा माणूस त्या दिवशी बर्फात उभा राहून दोर बांधत होता, आणि बाळाला गार लागेल म्हणून त्याने आपलं जाकीट काढून तुझ्याकडे दिलं होतं. मला सगळं आठवतं. आता तोच खरं बोलत होता असं मी म्हटलं, तर मग त्याचा डोळा मी कशासाठी घेतला? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव.

लेकीसाठी घेतला म्हटलं की निदान एक कारण राहतं. तेवढं राहू दे.

नाताळला तिला काय हवं ते घे, माझ्या इथल्या कामाचे पैसे येतील त्यातून.

डॉड


गॅलाशील्स,
६ जानेवारी

डॉड,

सांगितलं.

तुझ्या जबडा मोडण्याच्या धमकीचं म्हणशील तर तुझ्या लेकीने अर्धं काम करून ठेवलंय. वरचा पुढचा दात गेला, ओठाला टाके आहेत, आणि मी सूपही नळीने पिते. त्यामुळे पत्र लांब लिहिते, बोलणं जमत नाही.

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन थर्लबर्नच्या वरच्या टेकडीवर गेले. हो, मुद्दाम. गवत कडक गोठलेलं होतं, वारा कान कापत होता. वरून सगळं गाव दिसतं, तुला माहीतच आहे, डाव्या हाताला डोंगराचा रस्ता, उजव्या हाताला पूल. आम्ही मेंढवाड्याच्या भिंतीआड बसून ब्लॅक बनचे, त्या नववर्षाच्या मनुकांच्या केकचे, तुकडे खाल्ले. तिने रस्त्यांकडे बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी पुलाकडे बोट केलं.

ती म्हणाली, "म्हणजे वॅटी ऑलिव्हर खोटं बोलत नव्हता?"

"नाही."

"आणि बाबांना ते माहीत होतं?"

"गाडी तेच चालवत होते."

तिने थर्मास उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. तो स्टीलचा, भरलेला. मी मागे पडले, ती माझ्या छातीवर बसली आणि प्लॅस्टर घातलेल्या हाताने मारत राहिली, जिथे लागेल तिथे. माझ्या तोंडात रक्त आणि दात. मी हात वर केला नाही. केला असता तर तिने धरला असता, ते तुझ्याकडून आलंय. दमल्यावर ती उतरली आणि शेजारी आडवी झाली. मग इतकी रडली की खालच्या मेंढ्या उठून लांब गेल्या. तू आत गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

रडून झाल्यावर राहिलेलं ब्लॅक बन तिने सगळं खाल्लं, माझ्या वाटणीचंसुद्धा, कारण मला चावता येत नव्हतं. मग म्हणाली चल, आणि टेकडी उतरून सरळ वॅटीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे रुमाल तोंडावर धरून. वॅटीने दार उघडलं. डावा डोळा पापणीने शिवल्यासारखा मिटलेला आहे, त्या बाजूने कुणी आलं तर त्याला कळत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. मॉर्वेन म्हणाली, तुम्ही खरं बोलत होतात. तो म्हणाला, हो पोरी, पण तेवढ्याची एवढी किंमत असेल हे माहीत असतं तर बिअर पिऊन गप्प घरी गेलो असतो. मग त्याने माझं तोंड बघितलं, गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. मी त्याच्या गाडीत रक्त सांडलं. आपल्या घराण्याची पद्धत.

त्या दिवसापासून तिने कुणाला मारलेलं नाही. भिंतीलाही नाही. मी रोज तिच्या मुठी बघते.

आणि आता ऐक. ती फेब्रुवारीत मुलींच्या चेंडूत खेळणार आहे. खालच्यांच्या बाजूने. प्लॅस्टर तोवर निघेल. मी नाव देऊन आले.

लॉर्ना


तुरुंग,
१५ जानेवारी

लॉर्ना,

एक तारखेला मला सोडतायत. अट अशी की वॅटी ऑलिव्हरच्या जवळ जायचं नाही आणि थर्लबर्नमध्ये पाय ठेवायचा नाही.

लेडलॉची मुलगी खालच्यांच्या घोळक्यात दिसली तर मी तिला बाहेर काढीन. केसांना धरून काढावी लागली तरी. तुझ्याशी माझं आता काही नातं नाही.

डॉड


गॅलाशील्स,
२४ फेब्रुवारी

डॉड,

नातं नाही म्हणालास, तरी तुझ्या वकिलाने माझ्याकडेच माणूस पाठवला. त्याला माझ्याकडून लिहून हवंय की चेंडूच्या दिवशी घोळक्यात पोर चिरडत होती, बापाला राहवलं नाही, म्हणून तो अट मोडून धावला. चांगली गोष्ट रचलीय. ऐकून मलाच वाईट वाटायला लागलं तुझ्यासाठी. मी सही करणार नाही. मी बघितलं ते तुला लिहिते, म्हणजे त्याची तू दुसरी गोष्ट करणार नाहीस.

दुपारी चौकातल्या खांबापाशी चेंडू उडाला तेव्हा ती घोळक्याच्या मध्ये होती. दुकानांच्या काचांना फळ्या ठोकलेल्या, फूटपाथवर सगळं गाव, कडेवर बाळं, हातात सॉसेज रोल. पोरींच्या अंगातून वाफ निघत होती. चेंडू दिसतच नव्हता, नुसती डोकी आणि कोपरं. वरच्यांतल्या एकीने मॉर्वेनच्या पोटात गुडघा घातला, मॉर्वेनने तिच्या कानाखाली दिली, आणि दोघी पुन्हा एकमेकींना टेकून रेटायला लागल्या. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही. पण डॉड, ती हसत होती. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा कुणावर तरी तुटून पडत होती आणि त्यामागे तुझं नाव नव्हतं.

मग चेंडू तिच्या पोटाखाली आला. ती त्याच्यावर उपडी पडली आणि बाकीच्या तिच्यावर. वॅटी खालच्यांचा राखणदार म्हणून कडेला उभा होता, कुणाचा श्वास कोंडला तर ओढून काढायला. तेव्हा तू आलास, बँकेच्या गल्लीतून. तू मला कोपराने उडवलंस, मी दिव्याच्या खांबावर आदळले. तू दोन पोरींना दंडाला धरून बाजूला फेकलंस. त्यातल्या एकीचं मनगट मोडलंय, तिचं नाव तुला पोलीस सांगतीलच. ढिगात हात घालून तू केस शोधलेस, आणि बरोबर तिचेच सापडले तुला. ओढत होतास आणि ओरडत होतास की ही आमची आहे, ही वरची आहे. केसांबरोबर कातडी उचलली गेली. तिने डोकं वळवून तुझ्या हाताला चावा घेतला. पोलिसाच्या कागदावर तो 'पडून झालेली जखम' म्हणून आहे, तूच तसं सांगितलंस म्हणे. हाडापर्यंत दात होते, डॉड. मी बघितलं.

वॅटी तुझ्याकडे वळला नव्हता, कारण तू त्याच्या मेलेल्या डोळ्याच्या बाजूने आला होतास. किंकाळी ऐकून तो काही न बघताच तिच्यावर आडवा पडला. त्याने वर तोंड केलं तेव्हा त्याला तू दिसलास. त्याचा रंग उडाला. उठला मात्र नाही. तू मूठ वर केलीस. त्या मुठीतून रक्त गळत होतं, तुझंच. पोरींनी रेटायचं थांबवलं, आणि ती त्याच्या काखेखालून म्हणाली, "मारा त्यांना. पण या वेळी माझं नाव घेऊ नका."

तू मूठ वर धरून उभा होतास. मग दोघा पोलिसांनी तुला पाडलं आणि तू पडू दिलंस.

पुढचं तुला कळलं नसेल. वॅटी उठला, पोरी उठल्या, आणि मॉर्वेन चेंडू सोडायला तयार नव्हती. डोक्याला माझा मफलर बांधून ती खालच्यांच्या घोळक्यातून पुलाखाली गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून चेंडू बुडवला, म्हणजे खालचे जिंकले. नाक मोडलंय, दोन बरगड्यांना चीर आहे. बरगड्यांना हात लावून बघायला सांगते, येणाऱ्या-जाणाऱ्याला.

लॉर्ना


तुरुंग,
३ मार्च

लॉर्ना,

वकिलाला मी सांगितलं की ती गोष्ट सोडून दे. जी काही वाढीव शिक्षा होईल ती होईल. त्या मोडलेल्या मनगटाचा गुन्हाही मी कबूल केला. हात सुजलाय, डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

ते एक वाक्य माझ्या कानातून जात नाही. इथे काल एकाने मला मुद्दाम डिवचलं, आईवरून बोलला, सगळे वाट बघत उभे राहिले. मी माझा ट्रे उचलला आणि जाऊन बसलो. त्यांना वाटलं म्हातारा झाला.

तिला एवढं सांग की मी मारलं नाही. वॅटी माझ्या पायाशी होता, मूठ वळलेली होती, एक फटका पुरला असता, आणि मी मारलं नाही. तिला सांग की तिच्यासाठी मी हात आवरला.

डॉड


गॅलाशील्स,
९ मार्च

डॉड,

तुझं पत्र तिने स्वतः वाचलं, ओट्यावर बसून, चिप्स खात. शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि बोट ठेवून मला म्हणाली, "आत्या, हे बघ. मारलं तेव्हाही माझ्यासाठी आणि नाही मारलं तेव्हाही माझ्यासाठी. यांना स्वतःला कधी काही करावंसं वाटतच नाही का?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती म्हणाली विचारीनच.

म्हणून शनिवारी आम्ही येतोय. सकाळच्या बसने, सँडविच घेऊन. तू बोलावलंस म्हणून येत नाही, तुझ्यावर दया म्हणून नाही, आणि तुझ्यासाठी तर मुळीच नाही, हे तुला आधीच कळवायला सांगितलंय तिने. तिला यायचंय, म्हणून ती येतेय.

लॉर्ना